कसब, काळ आणि व्याज : फ्लामांव्हिलची सतरा वर्षे

शनिवार, २१ डिसेंबर २०२४. फ्रान्सच्या वायव्य टोकाला, नॉर्मंडीच्या कोतांतां द्वीपकल्पावर फ्लामांव्हिल नावाचे समुद्रकाठचे लहानसे गाव आहे. ग्रॅनाइटच्या कड्याच्या पायथ्याशी वसलेल्या तेथील अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या भट्टीची वीज त्या दिवशी दुपारी बाराच्या थोडे आधी प्रथमच देशाच्या वीजजाळ्यात पोहोचली. फ्रान्समध्ये पंचवीस वर्षांनंतर नवी अणुभट्टी वीजजाळ्याला जोडली जात होती. प्रसंग अभिमानाचा होता, तथापि त्या अभिमानाला एका जड हिशेबाची किनार होती.

या भट्टीचे पहिले काँक्रीट डिसेंबर २००७ मध्ये ओतले गेले. त्या वेळी ठरलेले वेळापत्रक होते साडेचार वर्षांचे आणि अंदाजित खर्च होता ३.३ अब्ज युरो. प्रत्यक्षात साडेचारांची सतरा वर्षे झाली. उभारणी करणाऱ्या ईडीएफ या फ्रेंच सरकारच्या मालकीच्या वीज कंपनीने २०२२ अखेर आपला खर्च २०१५ च्या किमतींत १३.२ अब्ज युरो असल्याचे सांगितले. आपल्याकडील महालेखापरीक्षकांसारखे काम करणाऱ्या फ्रान्सच्या लेखापरीक्षण संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये व्याजासह सर्व बाबी धरून, २०२३ च्या किमतींत हा आकडा २३.७ अब्ज युरोपर्यंत नेला.

एखाद्या नवख्या देशाकडून अशी चूक झाली असती तर ती समजण्यासारखी होती. परंतु आपल्या विजेचा सुमारे सत्तर टक्के भाग अणुशक्तीपासून मिळवणाऱ्या, या व्यवसायात जगाचा गुरू मानल्या गेलेल्या देशात हे घडले. असे का व्हावे, याचा शोध व्यापार-उदिमातील प्रत्येक कुटुंबाला उपयोगी आहे. महाराष्ट्राला तर तो अधिकच जवळचा आहे, कारण रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे प्रस्तावित असलेल्या सहाही भट्ट्या याच फ्लामांव्हिलच्या घराण्यातील आहेत.

पाणी उकळू न देण्याची युक्ती

फ्लामांव्हिलची भट्टी दाबयुक्त पाण्याच्या प्रकारची आहे. जगात आज चालू असलेल्या अणुवीज भट्ट्यांपैकी बहुसंख्य याच प्रकारच्या आहेत. तिचे तत्त्व स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर वापरणाऱ्या कोणालाही कळण्यासारखे आहे. दाब वाढवला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. कुकरमध्ये हा दाब वातावरणाच्या जेमतेम दुप्पट असतो. या भट्टीत तो सुमारे १५५ पट ठेवला जातो. त्यामुळे ३०० अंश सेल्सियसच्या पुढे तापूनही पाणी उकळत नाही, द्रवरूपच राहते.

सुमारे पाव मीटर जाडीच्या पोलादी पात्रात इंधनाचे २४१ जुडगे उभे असतात. प्रत्येक जुडग्यात झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या २६५ बारीक नळ्या आणि त्या नळ्यांत समृद्ध युरेनियमच्या ऑक्साइडच्या गोळ्या असतात. म्हणजे एका भट्टीत अशा जवळपास चौसष्ट हजार नळ्या झाल्या. युरेनियमच्या अणूंचे विखंडन होते, उष्णता निर्माण होते आणि ती भोवतीचे पाणी वाहून नेते. हेच पाणी विखंडन घडवणाऱ्या न्यूट्रॉनांचा वेग कमी करून प्रक्रिया चालू ठेवण्याचेही काम करते. प्रक्रियेवर लगाम ठेवण्यासाठी नियंत्रक दांडे वरून आत सोडता येतात, शिवाय पाण्यात बोरिक आम्लाचे प्रमाण कमी-जास्त करता येते.

तापलेले पाणी चार बाष्पजनित्रांत जाते. तेथे हजारो बारीक नळ्यांच्या भिंतीआडून ते आपली उष्णता दुसऱ्या पाण्याला देते. या दुसऱ्या पाण्यावरील दाब निम्मा असल्याने ते उकळते आणि त्याची वाफ टर्बाइन फिरवते. काम झालेली वाफ समुद्राच्या पाण्याने थंड केली जाते. समुद्राचे पाणी हे तिसरे. तीन प्रवाह एकमेकांना उष्णता देतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. हीच या रचनेची मुख्य सुरक्षितता होय. आपल्या तारापूरच्या १९६९ च्या पहिल्या दोन भट्ट्यांत वाफ भट्टीतच तयार होऊन थेट टर्बाइनकडे जाते. फ्लामांव्हिलमध्ये मधे एक भिंत आहे, आणि त्या भिंतीची किंमत म्हणजे अधिक यंत्रे, अधिक नळ्या व अधिक जोड.

यापुढील कथेत हा ‘जोड’ शब्द महत्त्वाचा ठरणार आहे.

एकाच साच्याच्या अठ्ठावन्न भट्ट्या

१९७३ च्या तेलसंकटाने फ्रान्सचे डोळे उघडले. देशात तेल नव्हते, कोळसा संपत आला होता. मार्च १९७४ मध्ये पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी अणुवीज केंद्रांचा मोठा कार्यक्रम जाहीर केला. त्यातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय असा होता की, संपूर्ण देशासाठी भट्टीचा एकच प्रकार, ती बनवणारी फ्रामातोम ही एकच कंपनी आणि ती चालवणारी ईडीएफ ही एकच संस्था ठेवायची. प्रथम ९०० मेगावॅटच्या चौतीस, नंतर १३०० मेगावॅटच्या वीस आणि शेवटी १४५० मेगावॅटच्या चार अशा एकूण अठ्ठावन्न भट्ट्या उभ्या राहिल्या. पहिली भट्टी फेसेनहाइमची, १९७७ सालची.

एकच नमुना वारंवार बांधल्याने हात बसत गेला. एका ठिकाणी झालेली चूक पुढील ठिकाणी टळत असे. ओतारी, जोडारी, नळकाम करणारे, तपासनीस, अभियंते यांच्या टोळ्या एक काम संपताच दुसऱ्या कामावर जात. एका पेढीत वडिलांच्या मांडीवर बसून मुलगा हिशेब शिकावा, तसे हे ज्ञान पुस्तकाबाहेर, हातातून हातात जात होते.

मग गरज भागली. वीज मुबलक झाली, मागणी मंदावली. या मालिकेतील शेवटच्या भट्टीचे, म्हणजे सिव्हो येथील दुसऱ्या भट्टीचे काम १९९१ मध्ये सुरू झाले. त्यानंतर नवे काम निघाले ते थेट २००७ मध्ये, फ्लामांव्हिलला. मधली सोळा वर्षे रिकामी गेली. १९९१ मध्ये तिशीत असलेला जोडारी २००७ मध्ये निवृत्तीकडे झुकला होता, आणि त्याच्या हाताखाली कोणी नव्हते.

विसरलेला हात

शिवाय नवी भट्टी जुन्या नमुन्याची नव्हती. चेर्नोबिलच्या दुर्घटनेनंतर फ्रेंच व जर्मन अभियंत्यांनी मिळून तयार केलेला हा ‘ईपीआर’ आराखडा होता. वितळलेले इंधन धरून ठेवणारे तळघर, एकात एक अशा काँक्रीटच्या दोन भिंती, सुरक्षा यंत्रणेचे परस्परांपासून स्वतंत्र असे चार संच आणि सुमारे १६०० मेगावॅटची क्षमता, हे सर्व त्यात होते. हेतू उत्तम होता, परंतु काम सुरू झाले तेव्हा तपशीलवार आराखडे पूर्ण झालेले नव्हते.

पहिला इशारा वर्षभराच्या आतच मिळाला. पायातील लोखंडी सळयांच्या बांधणीत चुका आढळल्याने मे २००८ मध्ये फ्रान्सच्या अणुसुरक्षा नियामकाने काँक्रीट ओतण्याचे काम काही आठवडे थांबवले.

दुसरा धक्का एप्रिल २०१५ मध्ये जाहीर झाला. भट्टीच्या पोलादी पात्राचे झाकण आणि तळ ल क्रझो येथील प्रसिद्ध ओतशाळेत घडवले गेले होते. त्यांच्या काही भागात कर्बाचे प्रमाण ०.२२ टक्क्यांऐवजी ०.३० टक्क्यांपर्यंत आढळले. आकडा क्षुल्लक वाटेल, परंतु कर्ब वाढला की पोलाद ठिसूळ होते. तोवर पात्र जागेवर बसवून झाले होते. दीर्घ चाचण्यांनंतर २०१७ मध्ये नियामकाने तळ वापरण्यास अनुमती दिली. झाकण मात्र पुढे बदलावे लागेल, अशी अट घातली.

याच ओतशाळेच्या कागदपत्रांची छाननी सुरू झाली तेव्हा २०१६ मध्ये आणखी गंभीर बाब उजेडात आली. अनेक वर्षांपूर्वीच्या काही घडीव भागांच्या उत्पादन-नोंदींत अनियमितता होत्या. चाचणीचे आकडे आणि दप्तरातील आकडे जुळत नव्हते. या कारणाने फेसेनहाइमची एक भट्टी जवळपास दोन वर्षे बंद ठेवावी लागली. माल वाईट निघाल्यास तो बदलता येतो. दप्तरच खोटे निघाल्यास त्या दप्तराच्या भरवशावर उभे असलेले सर्व पुन्हा तपासावे लागते. हिशेबाच्या वहीला देवघरातील वस्तूसारखे जपणाऱ्या घराण्यांना हे वेगळे सांगावयास नको.

तिसरा धक्का सर्वांत महाग पडला, आणि त्याचे मूळ होते करारनाम्यात. बाष्पजनित्रांकडून टर्बाइनकडे वाफ नेणाऱ्या मुख्य नळ्या कधीही फुटणार नाहीत, असे ईडीएफने आराखड्यात गृहीत धरले होते. त्या भरवशावर नळी फुटल्यास लागणारी काही संरक्षक व्यवस्था वगळली होती. साहजिकच या नळ्यांच्या जोडकामाचा दर्जा नेहमीपेक्षा वरचा असणे बंधनकारक होते. पण ही वाढीव दर्जाची अट जोडकाम करणाऱ्या उपकंत्राटदारापर्यंत पोहोचलीच नाही. जोड झाले आणि वर्षे लोटली. मग २०१७ व २०१८ मध्ये ते अपेक्षित दर्जाचे नाहीत, आणि काही तर सामान्य दर्जालाही उतरत नाहीत, हे उघड झाले.

त्यांतील आठ जोड दोन काँक्रीट भिंतींच्या मधल्या अरुंद जागेत होते. ईडीएफला ते तसेच ठेवायचे होते. जून २०१९ मध्ये नियामकाने ठाम नकार दिला. दुरून चालवता येतील असे यंत्रमानव त्यासाठी तयार करावे लागले. या दुरुस्तीमुळे खर्चाचा अंदाज एका फटक्यात दीड अब्ज युरोंनी वाढला आणि काम आणखी वर्षानुवर्षे लांबले. कंत्राटात न पोहोचलेल्या एका अटीची ही किंमत होती.

मोटारउद्योगातील ज्येष्ठ प्रशासक जाँ-मार्तां फोल्झ यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये या साऱ्याचा अहवाल सादर केला. प्रारंभीचे अंदाज वास्तवाला धरून नव्हते, आराखडे अपुरे होते, प्रकल्पाची जबाबदारी नेमकी कोणाची हे स्पष्ट नव्हते आणि सर्व थरांवर कसब ओसरले होते, असा त्याचा थोडक्यात निष्कर्ष होता.

मुद्दल थोडे, प्रतीक्षा फार

औष्णिक केंद्राच्या विजेत मोठा खर्च कोळशाचा असतो आणि तो वीज विकता विकता होत जातो. अणुवीज केंद्राचे गणित उलटे आहे. इंधनाचा वाटा लहान असतो. बहुतेक पैसा विजेचे पहिले युनिट विकण्यापूर्वीच गुंतवावा लागतो. त्यामुळे येथे खरा शत्रू काळ आहे.

साधे उदाहरण पाहता येईल. १०० रुपये द.सा.द.शे. ८ दराने चक्रवाढ व्याजाने घेतले, तर पाच वर्षांनी देणे सुमारे १४७ रुपये होते. तेच सतरा वर्षांनी ३७० रुपये होते. बांधकामाचा सर्व पैसा पहिल्या दिवशी लागत नाही हे खरे; पण पायात ओतलेल्या पहिल्या रुपयाने सतरा वर्षे प्रतीक्षा केली, हेही तितकेच खरे. दुसरी बाजू न मिळालेल्या उत्पन्नाची. १६०० मेगावॅटची भट्टी पूर्ण क्षमतेने चालली तर दिवसाला ३ कोटी ८४ लाख युनिट वीज देते. युनिटला पाच रुपये धरले तर ही विक्री रोज १९ कोटी २० लाख रुपयांची होते. उघडण्यास उशीर झालेल्या दुकानाचे नुकसान असे रोजचे असते.

हा धोका कोणी उचलायचा, याचा धडा फिनलंडने दिला. ओल्किलुओतो येथे याच नमुन्याची भट्टी सुमारे ३ अब्ज युरोंच्या ठरीव किमतीला बांधून देण्याचा करार फ्रान्सच्या अरेव्हा कंपनीने जर्मन भागीदारासह केला होता. २००५ मध्ये सुरू झालेले बांधकाम संपून नियमित वीजनिर्मिती २०२३ मध्ये सुरू झाली. ठरीव किमतीमुळे ग्राहक बराचसा वाचला, पण तोट्याने बांधणारा मोडकळीस आला. अरेव्हाची पुनर्रचना करावी लागली, तिचा भट्ट्यांचा व्यवसाय ईडीएफकडे गेला आणि २०१८ मध्ये ग्राहकाशी तडजोड करताना पुरवठादारांना ४५ कोटी युरो देणे मान्य करावे लागले. करारात धोका दुसऱ्यावर ढकलता येतो, पण तो नाहीसा होत नाही.

चीनमधील ताइशानला मात्र याच नमुन्याची पहिली भट्टी २००९ ते २०१८ अशा नऊ वर्षांत उभी राहिली. तीही ठरल्या वेळेपेक्षा उशिराच, परंतु फ्लामांव्हिलच्या जवळपास निम्म्या काळात. चीनमध्ये त्या काळात एकामागून एक भट्ट्यांची कामे चालू होती आणि कारागिरांचे हात गरम होते.

उभारणीनंतरची शिस्त

केंद्र बांधून झाले म्हणजे काम संपले असे नाही. नियंत्रणकक्षात रात्रंदिवस पाळ्या चालतात. तेथे बसणाऱ्यांना हुबेहूब प्रतिकक्षात संकटांचा सराव वारंवार करावा लागतो. साधारण वर्ष-दीड वर्षाने भट्टी थांबवून इंधनाचा काही भाग बदलला जातो आणि त्या वेळी हजारो तपासण्या उरकल्या जातात.

अणुभट्टीचा एक स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. नियंत्रक दांडे आत टाकताच विखंडन थांबते, पण उष्णता थांबत नाही. विखंडनातून तयार झालेले किरणोत्सर्गी पदार्थ थांबल्या क्षणीही मूळ औष्णिक शक्तीच्या सहा ते सात टक्के उष्णता देत राहतात. ती हळूहळू घटते, पण तोवर पाणी फिरवत राहावेच लागते. २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात भट्ट्या बंद झाल्या होत्या, परंतु पाणी फिरवणारी वीज त्सुनामीने हिरावून नेली. म्हणूनच फ्लामांव्हिलच्या नव्या भट्टीला चार मुख्य आणि शिवाय दोन अतिरिक्त डिझेल जनित्रे दिलेली आहेत.

एकाच साच्याच्या लाभाला दुसरी बाजूही असते. २०२१ च्या अखेरीस सिव्हो येथील एका भट्टीच्या सुरक्षा-नळ्यांत ताण आणि गंज यांमुळे पडलेल्या बारीक चिरा सापडल्या. आराखडा समान असल्याने इतर भट्ट्याही तपासणे भाग पडले. २०२२ मध्ये अनेक भट्ट्या एकाच वेळी बंद राहिल्या. फ्रान्सची अणुवीज आदल्या वर्षीच्या ३६१ अब्ज युनिटांवरून २७९ अब्ज युनिटांवर आली. वीज निर्यात करणारा देश चार दशकांनंतर प्रथमच निव्वळ आयातदार झाला. ईडीएफला त्या वर्षी १७.९ अब्ज युरोंचा तोटा झाला. सरकारच्या दरमर्यादेच्या धोरणाचाही त्यात वाटा होता. मात्र एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. युरोपात विजेचे भाव भडकलेले असताना, हिवाळा तोंडावर असतानाही चिरा तपासल्याशिवाय भट्ट्या चालवल्या गेल्या नाहीत. नियामक स्वतंत्र असण्याचा अर्थ अशा वेळी कळतो.

शेवटचा खर्च असतो तो केंद्र बंद झाल्यानंतरचा. फ्रान्समध्ये २००६ च्या कायद्याने भट्ट्या मोडण्याच्या आणि किरणोत्सर्गी कचरा सांभाळण्याच्या खर्चासाठी वेगळी मालमत्ता बाजूला ठेवणे चालकांवर बंधनकारक केले आहे. ताळेबंदातील इतक्या लांबच्या देण्याची तरतूद क्वचितच कोणत्या धंद्याला करावी लागत असेल. आज वीज वापरणाऱ्याने उद्याच्या पिढीचे देणे आजच बाजूला काढावे, हा न्याय त्यामागे आहे.

कोकणच्या किनाऱ्यावरून पाहताना

जैतापूरसाठी १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, म्हणजे एकूण ९९०० मेगावॅटची मूळ योजना होती. डिसेंबर २०१० मध्ये पहिला करार झाला. एप्रिल २०२१ मध्ये ईडीएफने भारताच्या अणुऊर्जा महामंडळाला तांत्रिक व व्यापारी प्रस्ताव सादर केला. माडबन परिसरातील शेतकऱ्यांची जमीन, आंब्याच्या बागा आणि मच्छीमारांचा समुद्र यांविषयीची चिंता या साऱ्या काळात कायम आहे. देशाची विजेची गरजही कायम आहे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

दाबयुक्त पाण्याच्या भट्ट्या भारताला नव्या नाहीत. तमिळनाडूतील कुडनकुलम येथे रशियन बनावटीची पहिली भट्टी २००२ मध्ये बांधायला घेतली गेली आणि २०१४ च्या अखेरीस व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. त्याच जागी पुढील भट्ट्यांचे काम चालू राहिले, ही सातत्याच्या दृष्टीने जमेची बाब आहे.

फ्लामांव्हिलचा ताळेबंद समोर ठेवून जैतापूरबाबत काही साधे प्रश्न विचारता येतात. पहिला फावडा मारण्यापूर्वी आराखडे किती टक्के पूर्ण असतील? उशिराचे व्याज कोणाच्या खात्यावर पडेल, बांधणाऱ्याच्या, सरकारच्या की वीज वापरणाऱ्याच्या? दर्जाची प्रत्येक अट शेवटच्या उपकंत्राटदाराच्या कागदावर असेल काय? तपासनिसाला ‘नाही’ म्हणण्याचे आणि ते टिकवण्याचे बळ असेल काय? जोडकाम करणारे हात आज कोठे शिकत आहेत? हे प्रश्न प्रकल्पाच्या बाजूचे नाहीत किंवा विरोधातही नाहीत. कर्ज मंजूर करण्यापूर्वी कोणत्याही सावध सावकाराने विचारावेत असे ते आहेत.

फ्रान्सने आपल्यापुरते यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर शोधले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी सहा नव्या भट्ट्यांचा संकल्प जाहीर केला. त्यांचा आराखडा सोपा केला असून दोन भिंतींऐवजी एकच भिंत ठेवली आहे. त्याच वर्षी फ्लामांव्हिलपासून जवळच, शेर्बूर परिसरात ईडीएफ आणि इतर उद्योगांनी मिळून एक शाळा सुरू केली. तेथे तरुण मुले-मुली मुखवटा लावून, ठिणग्यांच्या उजेडात एकच काम पुन:पुन्हा करतात. दोन पोलादी नळ्या एकमेकींना अशा जोडायच्या, की तो जोड पुढील साठ वर्षे कोणाला आठवूही नये.